मामांची ऑर्डर

३ फेब्रुवारी, सोमवार

बायको म्हणते, जेवताना पुटपुटत जाऊ नका. जे काय आहे ते लिहून काढा, म्हणजे मला निदान चार घास शांतपणे गिळता येतील. म्हणून हे लिहायला घेतलं.

तर आजचं पुटपुटणं. आम्ही घरगुती शिड्या बनवतो. तीन पायऱ्यांच्या, घडी होणाऱ्या. माळ्यावरचा डबा काढा, पंखा पुसा, बल्ब बदला, काम झालं की घडी करून दाराआड उभी करा. एका गाळ्यात आमचा सगळा संसार. पाईप कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, रिव्हेट ठोकायचे, रंगाला पाठवायचा, आणि परत आला की चारी पायांना रबरी बूट चढवायचे. पाच माणसं आहेत, शिवाय मिस्त्री, जे माझ्याआधीपासून लोखंडात आहेत आणि मला ते विसरू देत नाहीत.

आमचा माल तीन दुकानदारांकडे जायचा. एकाने दुकान मोडून मुलाला मोबाइलचं दुकान थाटून दिलं. दुसऱ्याने माझ्यापेक्षा स्वस्त आणि माझ्यापेक्षा पातळ शिड्या ठेवायला सुरुवात केली. उरला एक. तो एक म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. शेजारच्या शहरात त्यांचं घरसामानाचं मोठं दुकान आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो. आजही आला.

"नेहमीएवढा पाठवा, जावईबापू. जातो माल."

एवढंच. तब्येतीची चौकशीसुद्धा नाही, फोन खाली.

म्हणजे सात घरांच्या चुली एका माणसाच्या फोनवर पेटतात. ते सत्तरीला आलेत. उद्या त्यांनी दुकान आवरलं तर? हा प्रश्न मी मनात विचारला असं मला वाटलं होतं, पण तो तोंडातून बाहेर पडला असावा, कारण बायको म्हणाली, "म्हणून तर म्हणते, ऑनलाइन विकू या. थेट लोकांना."

"आणि मामांना काय सांगायचं? तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्या डोक्यावरून माल देतोय म्हणून?"

"अप्पांचं मी बघते."

स्वतःच्या बापाच्या पोटावर पाय द्यायला निघालेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. पित्त खवळलंय.

५ फेब्रुवारी

हिशेब करून पाहिला. दुकानदार आपला वाटा घेतो तेव्हा आपण त्याला लांडगा म्हणतो. ऑनलाइनवालेही घेतातच, फक्त त्यांचा चेहरा दिसत नाही. वर कुरियर. शिडी वजनाने हलकी, पण लांबीमुळे जागा अडवते. कुरियरवाला म्हणाला, "साहेब, आम्ही जागेचे पैसे घेतो, वजनाचे नाही." म्हणजे मी आजवर हवा विकत होतो ते मलाच माहीत नव्हतं.

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "शेठ, दोन दगडांवर पाय ठेवू नका." मग थोडं थांबून म्हणाले, "पण एकाच दगडावर किती दिवस उभं राहणार?" असा सल्ला मला घरीही मिळाला असता.

९ फेब्रुवारी, रविवार

सासुरवाडीला जेवायला गेलो होतो. ऑनलाइनचं बोलायचं असं ठरवून गेलो आणि न बोलता आलो.

मामांचं घर म्हणजे आमच्या मालाचं प्रदर्शन झालंय. स्वयंपाकघरात एक शिडी. गॅलरीत एकीवर कुंड्या. न्हाणीघराबाहेर एकीवर टॉवेल. बाहेरच्या खोलीत एक उघडून ठेवलेली, वरच्या पायरीवर रेडिओ, मधल्या पायरीवर वर्तमानपत्रं, खालच्या पायरीवर मामांच्या चपला. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनी आम्हालाही दिली हो एक. आमच्या जावेलाही." मी खूश. म्हटलं, व्यापारी असावा तर असा. घराचंच दुकान करून टाकलंय.

मामी म्हणाल्या, "हो, काय करणार, ठेवायच्या तरी..." मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मामी आत भात आणायला गेल्या. भात पुढ्यातच होता.

मी विषय काढायचा म्हणून म्हणालो, "मामा, नवीन रंग करतोय. हिरवा. गोडाऊनमध्ये कुठला रंग किती उरलाय ते एकदा बघून घेऊ का? त्या मानाने पाठवता येईल."

"गोडाऊनमध्ये काय बघायचंय? उंदीर झालेत. तुम्ही पाठवा, जातो माल."

बायको पाणी ओतत होती. ग्लास भरून ताटात ओघळ आला तरी तिचं लक्ष नव्हतं.

जेवणानंतर मी हात धुऊन आलो तर बापलेक गॅलरीत हळू आवाजात बोलत होते. मला पाहताच गप्प झाले. परतताना विचारलं, तर म्हणाली, "त्यांच्या गोळ्यांचं बोलत होतो." गोळ्यांवर बोलताना कोणी बापाचा हात हातात घेऊन बसत नाही. मला वाटतं तिने त्यांना ऑनलाइनचं सांगून टाकलं असावं आणि ते दुखावले असावेत. पण मग मला बोलले कसे नाहीत?

१५ फेब्रुवारी, शनिवार

फोटो काढले. बायको स्वतः शिडीवर चढून हातात बल्ब धरून उभी राहिली. पहिल्या फोटोत मिस्त्रींचा अंगठा आला. दुसऱ्यात बायकोने डोळे मिटले. तिसरा बरा आला, पण त्यात ती इतकी हसली होती की शिडी कोणी बघेल का अशी मला शंका आली.

मी सुचवलं, नाव वेगळं देऊ. वेगळं नाव, वेगळं खोकं, कोणाला कळायला नको.

"आपण काय चोरीचा माल विकतोय?" ती म्हणाली. "नाव आपलंच टाका. ठसठशीत."

टाकलं. बटण दाबताना डोळे मिटून घेतले, हे फक्त इथे लिहितो.

२० फेब्रुवारी

पहिली ऑर्डर! कुठल्याशा लांबच्या गावाहून, नाव कधी ऐकलं नव्हतं. सगळे खोक्याभोवती जमले. मिस्त्रींनी शिडी पुसली, परत पुसली. चिकटपट्टी इतकी गुंडाळली की घेणाऱ्याला कोयता लागेल. कुरियरवाला घेऊन गेला तेव्हा आम्ही दारापर्यंत पोचवायला गेलो, जसं काही घरचं माणूस परगावी निघालं होतं.

संध्याकाळपासून धाकधूक. पोचेल ना? उघडेल ना?

२६ फेब्रुवारी

पोचली. एक स्टार.

तिथे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: "आईसाठी मागवली होती. डगमगते. आई पडली असती."

दिवसभर हेच तीन शब्द डोक्यात. आई पडली असती. इतकी वर्षं शिड्या केल्या, पण त्यावर कोण चढतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. माझा माल टेम्पोत चढायचा आणि मामांच्या दारात उतरायचा, तिथे माझी शिडी संपायची. पुढे ती कोणाच्या घरी गेली, डगमगली का, कोणी ओरडलं का, सगळं मामांच्या अंगावर. त्यांनी मला कधी एक तक्रारसुद्धा सांगितली नाही. मी समजत होतो की तक्रारच नाही.

धीर करून त्या बाईंना फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी मला कंपनीचा नोकर समजून झापलं. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, "ताई, मीच बनवतो. माझ्या हाताखाली पाच माणसं आहेत, बस. मला सांगा, शिडी कुठल्या बाजूला कलते?"

आवाज जरा उतरला. मागचा डावा पाय. मी म्हटलं, त्या पायाला रबरी बूट आहे का? बघून आल्या. नव्हता. खोक्याच्या तळाशी सापडला. प्रवासात निखळला होता.

मिस्त्रींनी आता बुटाच्या आत चिकट लावायचं आणि वरून एक छोटा स्क्रू मारायचं ठरवलंय. त्या बाईंना मी चार बूट, चार स्क्रू आणि दिलगिरी पाठवली. स्टार त्यांनी एकच ठेवला. ठेवू देत. आई पडली नाही ना.

१ मार्च

एक शिडी वाकून परत आली. कोणीतरी तिच्यावर कपाट ठेवलं असावं. दुसरी परत आली, कारण "फोटोत मोठी वाटली होती". तिसरी परत आली, कारण दिलेलं नाही. गाळ्याच्या कोपऱ्यात परत आलेल्या शिड्यांची एक रांगच झालीय. येताजाता मी तिच्याकडे बघत नाही.

रात्री पित्ताची गोळी दोनदा.

३ मार्च, सोमवार

मामांचा फोन आला. ऑर्डरची तारीख होती म्हणून मी पेन घेऊनच बसलो होतो.

"आज एक बाई आल्या होत्या दुकानात," मामा म्हणाले. "तुमची शिडी दाखवली तर त्यांनी मोबाइल काढला. त्यावर तुमचीच शिडी. माझ्यापेक्षा भाव कमी."

मी पेन खाली ठेवलं. "मामा, मी सांगणारच होतो..."

"फोटोत आमची बाई छान दिसते," ते म्हणाले. "हसते आहे. बऱ्याच दिवसांनी पाहिलं."

मागे दुकानात काही आवाज नव्हता, घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"बरं, ठीक आहे," म्हणाले, आणि ठेवला.

ऑर्डर दिली नाही.

बायकोला सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. तिने एक मोठा श्वास सोडला. सुटकेचा वाटला, पण तसा कसा असेल? मला हल्ली माणसांचे श्वाससुद्धा कळेनासे झालेत.

५ मार्च

ऑर्डर आली. नेहमीची नाही. दीडपट!

"मामा, नक्की?"

"लिहून घ्या. जातो माल."

माझा मेंदू चालेना. दुखावलेला माणूस ऑर्डर तोडतो, वाढवत नाही. मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली, म्हणजे मामला गंभीर.

"शेठ, वाईट वाटून घेऊ नका. जुने दुकानदार असेच असतात. माल भरून ठेवतील. आणि एक दिवस सगळा एकदम बाजारात सोडतील, पडेल त्या भावाला. मग तुमची मोबाइलवरची शिडी कोण घेणार?"

"अहो, सासरे आहेत माझे."

"व्यापारात सासरा आधी व्यापारी."

मी त्यांना गप्प बसवलं. पण विषाचा थेंब पडायचा तो पडला.

११ मार्च

पहिली खेप पोचवून टेम्पोवाला परत आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, गोडाऊनमध्ये नीट लावून घेतलं ना?

"कुठलं काय," तो म्हणाला. "सासरेबुवांनी मला आत घेतलंच नाही. माल रस्त्यावर उतरवून घेतला. दार एवढंसं उघडलं, जेमतेम एक माणूस जाईल एवढं, आणि त्यांचा नोकर एकेक खोकं आडवं करून आत सरकवत होता. मी म्हटलं मदत करतो, तर म्हणाले, तुम्ही निघा."

म्हणजे मिस्त्री म्हणतात ते खरं. साठा करतायत. आणि मला दिसू नये म्हणून दार उघडत नाहीत.

ज्या माणसाने आपली मुलगी दिली त्याच्याबद्दल मी हे लिहितोय. लाज वाटते. पण विश्वास बसतोय, हे त्याहून वाईट.

१२ मार्च

भांडण झालं. मी म्हणालो, "तुझे वडील मला बुडवायला निघालेत."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा शर्ट हातात होता. त्याची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, आणि म्हणाली, "तुम्हाला पाईप कळतात. माणसं कळत नाहीत."

दिवसभर बोलली नाही.

१७ मार्च, सोमवार

काय झालं कळत नाही, पण ऑनलाइनच्या ऑर्डरी वाढल्यात. मिस्त्रींचा स्क्रू, जाड पुठ्ठ्याचे कोपरे आणि खोक्यावर बायकोने लिहिलेली सूचना, "चढण्याआधी चारी बूट तपासा, आणि चारी पाय टेकलेत ना ते बघा", यांपैकी काहीतरी लागू पडलं असावं. एका गृहस्थांनी लिहिलंय की बायकोच्या हाती बल्ब देऊन आपण खाली आरामात उभे असतो. पाच स्टार. त्यांच्या बायकोचं मत नाही कळलं.

आनंद व्हायला हवा. झाली ती पंचाईत. तेवढ्याच माणसांत ऑनलाइनचा माल करायचा की मामांची राहिलेली खेप? दोन्ही होत नाही. ऑनलाइन लांबलं तर तिथे खाली घसरतो. मामांचं लांबलं तर... काय होतं तेच मला माहीत नाही.

आणि ऑनलाइनचा भरवसा काय? आज वर, उद्या तळाला. तिथे फोन उचलून "जावईबापू" म्हणणारं कोणी नाही.

बायकोला विचारलं. पाच दिवसांनी ती पहिल्यांदा नीट बोलली.

"अप्पांचं थांबवा."

"खेप?"

"खेप नाही. सगळंच. त्यांना माल पाठवणं बंद करा."

"अगं, बाप आहे तुझा!"

"म्हणूनच म्हणते."

"म्हणजे काय? नीट सांग."

"नाही सांगता येत. शब्द दिलाय."

"कोणाला?"

ती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

मी ठरवलंय. शनिवारी न कळवता जायचं. तोंडावर विचारायचं, हा खेळ काय आहे. वाक्यंसुद्धा तयार केलीत. "मामा, मी तुमचा मान ठेवतो, पण माझ्यावर सात घरं आहेत."

२२ मार्च, शनिवार

घरी आल्यावर हात धुऊन थेट लिहायला बसलोय. क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी पोचलो. बाजार गजबजलेला, पण मामांच्या दुकानात मात्र कोणी नव्हतं. कोणी नव्हतं म्हणजे अजिबातच नाही. समोर नवीन झगमगीत दुकान झालंय, सगळे तिकडे. मामांचा जुना नोकर स्टुलावर बसून पेंगत होता. फळ्यांवर बादल्या, डबे, चाळण्या, सगळं ओळीत, पण एकाआड एक जागा रिकामी. माझ्या आठवणीतलं दुकान असं नव्हतं. आठवून पाहिलं तर कळलं, दुकान उघडं असताना मी कित्येक वर्षांत इथे आलोच नाही. आम्ही रविवारी येतो, जेवतो, जातो.

"मालक जेवायला घरी गेलेत," नोकर दचकून उठला. "बसा. चहा सांगतो." तो चहा सांगायला गेला आणि मी मागच्या बाजूला गोडाऊनकडे वळलो. कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं होतं.

दार ढकललं तर ते अर्ध्यावरच अडलं. मी अंग चोरून आत शिरलो.

सगळ्या शिड्या. जमिनीपासून छतापर्यंत माझी खोकी. मध्ये एक बोळ, एका माणसापुरती. पहिला विचार आला तो हाच, की पकडलं! मिस्त्री खरं बोलले, साठा केलाय, एवढा माल बाजारात सोडला तर मी संपलो. रागाने कान तापले.

बोळीतून पुढे गेलो. पुढची खोकी नवीन, या महिन्यातली. त्यामागे गेल्या वर्षीची. त्यामागच्या खोक्यांवर आमचं जुनं निळं चिन्ह होतं. ते मी बदलून किती वर्षं झाली. त्याच्याही मागे अशी खोकी की पुठ्ठा पिवळा पडून कोपरे बसले होते, आणि सगळ्यांवर माझ्या हातच्या चिकटपट्ट्या जशाच्या तशा. एकही उघडलेली नाही. धूळ इतकी की बोटाने नाव लिहावं.

ज्याला माल बाजारात सोडायचा असतो तो इतकी वर्षं वाट बघत नाही.

मी तिथेच एका खोक्याला टेकलो. म्हणजे माल जात नव्हता. कधीचाच जात नव्हता. मी शिड्या विकत नव्हतोच. मी त्या बायकोच्या माहेरी ठेवायला देत होतो, आणि एक म्हातारा माणूस दुकानाच्या रिकाम्या होत जाणाऱ्या फळ्या बघत दर महिन्याला पदरच्या पैशाने माल घेत मला फोनवर म्हणत होता, पाठवा. आणि ऑनलाइनचं कळल्यावर त्याला काय वाटलं असेल? की जावयाचं आता फारच अडलेलं दिसतं, दीडपट घेऊ या.

मागे पावलं वाजली. मामा दारात उभे होते. त्यांनाही आत यायला अंग चोरावं लागलं. हातात रुमाल, तोंड पुसत होते. मला पाहून हात तसाच थांबला.

आम्ही दोघे त्या बोळीत एकमेकांसमोर उभे. तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"जातो हळूहळू," मामा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच.

मला रडू येईल असं वाटलं. आणि रडलो असतो तर हा माणूस मेल्याहून मेल्यासारखा झाला असता, एवढं मात्र त्या क्षणी मला कळलं. कसं सुचलं कोण जाणे, मी म्हणालो,

"मामा, मी अडचणीत आहे. म्हणून धावत आलोय."

ते एकदम सरळ झाले. "काय झालं? बाई बरी आहे ना?"

"ती बरी आहे. ऑनलाइनवर मागणी इतकी आलीय की माल पुरत नाही. माणसं कमी पडतात. ऑर्डरी परत जायची वेळ आलीय. तुमच्याकडे थोडा माल ठेवलेला असेल, तर... मला परत द्याल का? विकेल तशी तुमची किंमत परत करतो. तुमची गिऱ्हाइकं अडतील हे कळतं मला. पण जरा सांभाळून घ्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला.

"माझ्या गिऱ्हाइकांना काय सांगू?"

"सांगा, जावई नालायक निघाला."

"ते तर सांगतोच," ते म्हणाले. मग एका खोक्यावर बसले. "आणि माझं काय?"

"तुमचं काय?"

"कमिशन! माल मी सांभाळला, जागा माझी, इथून पाठवायचा तर माणूस माझा. फुकट द्यायला मी काय धर्मशाळा उघडलीय?"

त्यांनी टक्के सांगितले. मी म्हणालो, मामा, एवढे तर ते ऑनलाइनवालेही घेत नाहीत. ते म्हणाले, मग त्यांच्या गोडाऊनमधून घ्या. मी अर्ध्यावर आलो. त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणालो, घरचा माणूस म्हणून तरी. ते म्हणाले, घरच्या माणसाने आधी कळवून यावं. मी घासाघीस सोडली नाही, मुद्दामच. झटकन हो म्हटलं असतं, तर मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं असतं. नोकर चहा घेऊन आला आणि तोंडाकडे बघत उभा राहिला. चहा गार होईस्तोवर आम्ही भांडलो. शेवटी मधल्या आकड्यावर ठरलं. या बाजूच्या सगळ्या ऑनलाइन ऑर्डरी मामांच्या गोडाऊनमधून जाणार.

"पण असा पाठवायचा नाही," मामा म्हणाले. "जुना माल आहे. प्रत्येक शिडी उघडून बघायची. बूट सुकले असतील."

एक पिवळं खोकं त्यांनी स्वतः फोडलं. शिडी उघडली. बिजागरी कुरकुरली, पण उघडली. आणि मी अडवायच्या आत ते चपला काढून वर चढले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. डोकं वरच्या पत्र्याला लागायला आलं. मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभा. खाली बघून म्हणाले, "हलत नाही. चांगली केलीय हो तुम्ही."

"सांभाळून उतरा," एवढंच मला म्हणता आलं.

२३ मार्च, रविवार

काल आल्यावर बायकोला फक्त "झालं काम" एवढं म्हणालो होतो. आज सकाळी चहाला बसल्यावर तिनेच विचारलं.

"गोडाऊन पाहिलंत?"

"पाहिलं."

तिने कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. ते दोन दुकानदार सुटले त्याच्याही आधीपासून मामांकडे माल पडून राहायला लागला होता. तिला मामींकडून कळलं. तिने बापाला विचारलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला की मला सांगायचं नाही. गेली दोन वर्षं ती त्यांना म्हणत होती की बंद करा, तुमचं दुकान जाईल. ते ऐकेनात. म्हणून ऑनलाइनची घाई. माझा माल दुसरीकडे जायला लागला तर अप्पा सुटतील, असा तिचा हिशेब.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप लावून बसला असता."

बसलो असतो. खरं आहे.

खरं म्हणजे काळजी संपलेली नाही, वाढलीय. आता ऑनलाइनचं काही बिनसलं तर एक नाही, दोन घरं पाण्यात. त्या गोडाऊनमधला माल या वेगाने निघायला वर्षं लागतील. मिस्त्रींना काय सांगायचं तेही ठरलेलं नाही. त्यांनी मामांना काय काय म्हटलं, आणि मी काय काय मानलं.

पण तिला मी दिलासा दिला. म्हटलं, "काळजी करू नकोस. मला कळलंय याचा मामांना पत्ता नाही. मी असा काही अभिनय केला, म्हणतेस काय! तासभर कमिशनवरून भांडलो. तेही हटेनात. मी एक आकडा सांगायचा, ते दुसरा. पक्के व्यापारी."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कोण भांडलं? अप्पा?"

"मग कोण? नोकर बघायला उभा राहिला होता."

"अहो, अप्पांनी आयुष्यात कोणाशी घासाघीस केली नाही. गिऱ्हाइकाशी नाही, कोणाशीच नाही. एक भाव सांगतात आणि गप्प बसतात. म्हणून तर समोरच्या दुकानाने त्यांना खाल्लं."

"मग काल?"

"मग काय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी केली."

मी कप उचलला. रिकामा होता. तरी तोंडाला लावला.

जरा वेळाने तिने विचारलं, कितीवर ठरलं. मी आकडा सांगितला.

"जास्त दिलेत," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली.